कठड्यावरचं मोरोक्को

"अहो, फेजच्या गल्ल्या म्हणजे अगदी आपलं मुगभाट हो. फक्त गाढवं जास्त."

सात नंबरवाल्या वहिनींनी मोरोक्कोहून आल्याआल्या हे जे लावून धरलंय ते अजून संपलेलं नाही. जिन्यात सांगून झालं, पाणी भरताना सांगून झालं, फडके गणपतीच्या रांगेत एका अनोळखी बाईलाही सांगून झालं म्हणे. माझ्या वाट्याला रोजचा हप्ता, कारण आमच्या खोल्या लागून. मधे कुंपण नाही. गॅलरीचा कठडा सलग, त्याला एक लाकडी खांब, खांबाच्या अलीकडे माझी तुळस, पलीकडे त्यांची कोरफड. एवढी हद्द आम्हाला पुरते. मी तुळशीकडे मेथी निवडत बसायचं आणि कोरफडीकडून मोरोक्को यायचं.

"मुगभाटात गाढवं नाहीत असं कोण म्हणालं?" मी म्हटलं.

"थट्टा नको. हे बघा." आणि खांबाला वळसा घालून मोबाईल माझ्या मेथीवर. "ही जुनी फेज. नऊ हजार गल्ल्या आहेत म्हणे. मोटार शिरतच नाही. सामान सगळं गाढवावरून नाहीतर हातगाडीवरून. मागून तो ओरडतो, 'बालाक, बालाक!' की आपण भिंतीला चिकटायचं. एका बाईची पर्स गाढवाने चाटली."

"आपल्याच टूरमधली?"

"पार्ल्याची होती," वहिनी म्हणाल्या. पार्ल्याच्या बाईची पर्स गाढवाने चाटली याचा आनंद गिरगावकराला किती होतो ते बाहेरच्यांना कळायचं नाही.

पुढचा फोटो कातडी कमवायच्या जागेचा. चुआरा म्हणतात त्याला. दगडी गोल हौद एकाला एक लागून, कुठे पांढरं पाणी, कुठे तपकिरी, कुठे लाल, आणि त्यात गुडघाभर उतरलेली माणसं. बघायचं मात्र वरून, दुकानांच्या गच्चीवरून. चढतानाच हातात पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला. वास कुठला विचाराल तर चुना, कातडं आणि कबुतराची विष्ठा. ती विष्ठा पाण्यात कालवून त्यात कातडं भिजवतात, मग ते मऊ पडतं. शतकानुशतकं चाललंय.

"कबुतराची?" मी मेथी सोडली. "अहो, मग दादरच्या कबुतरखान्यावरून एवढं रामायण झालं ते कशाला? कोर्टकचेऱ्या, ताडपत्र्या, मोर्चे. सरळ मोरोक्कोला पाठवायचं. परकीय चलन आलं असतं."

"मी हेच म्हटलं गाईडला! त्याला कळलं नाही."

कॅसाब्लांकाची मोठी मशीद त्यांनी दोन बोटांत उरकली. समुद्रात पाय टाकून उभी आहे, १९९३ साली उघडली, मनोरा दोनशे मीटरच्या आसपासचा. "मोठं आहे, पण मोठं म्हणजे काय, मोठंच." हे मला आवडलं वहिनींचं. ज्यात गंमत नाही त्यावर त्या वेळ घालवत नाहीत. त्यांची गंमत फेजच्या करावीयीनमध्ये होती, आणि तीही दारातूनच बघितलेली. मुसलमान नसेल त्याला आत जाता येत नाही. दाराशी उभं राहून डोकावायचं, आतला चौक, कारंजं, हिरवी-पांढरी फरसबंदी, फोटो काढायचा आणि बाजूला व्हायचं, कारण मागे जपानी उभे.

"पण काय सांगू, ते एका बाईने बांधलंय. फातिमा अल-फिहरी. इसवी सन ८५९. बाप श्रीमंत व्यापारी, तो गेला, इस्टेट हिच्या हातात आली, ती सगळी हिने मशिदीत घातली. त्याचंच पुढे विद्यापीठ झालं. जगातलं सगळ्यात जुनं, अजून चालू असलेलं, असं सांगतात तिथे. मला नुसता काटा आला."

"मग यशोदाबाईंनी वेगळं काय केलं?"

"कुठल्या यशोदाबाई?"

आता बघा. ज्या देवळाच्या रांगेत उभं राहून ह्यांनी परक्या बाईला मोरोक्को सांगितलं, ते फडके गणपतीचं देऊळ यशोदाबाई फडक्यांनी बांधलं, १८९०च्या सुमारास. नवरा गेला, मागे पैसा होता, तो बाईंनी गणपतीला घातला. गुढीपाडव्याची आपली शोभायात्रा तिथूनच निघते. नऊवारी नेसून, नथ घालून, बुलेटवर बसून आपल्या मुली तिथूनच निघतात आणि टीव्हीवर येतात. यशोदाबाईंचं नाव त्यातल्या कितीजणींना ठाऊक असेल?

"तुम्हाला कोणी सांगितलं?" वहिनींना जरा लागलं.

"नानांनी."

नाना म्हणजे टोकाच्या खोलीतले. चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त, आणि तिथे जे जे छापायला आलं ते ते वाचून ठेवलंय असा दावा. आमच्या गॅलरीत कोणी नुसतं 'सन' म्हटलं की पुढचा आकडा नाना सांगतात. नाव निघायला आणि ते लुंगी सावरत दाराशी यायला गाठ पडली.

"मोरोक्को चाललंय वाटतं," नाना म्हणाले. "टँजिअरला गेली का हो तुमची टूर?"

"नाही. कॅसाब्लांका, रबात, फेज, माराकेश."

"मग काय बघितलंत! इब्न बतूता टँजिअरचा. जन्म १३०४." आणि ते स्टूल घेऊनच बसले. स्टूल आलं म्हणजे अर्धा तास गेला.

पण हा अर्धा तास वाया गेला नाही, खोटं कशाला बोलू. एकविसाव्या वर्षी, १३२५ साली, हा माणूस हजला म्हणून घरून निघाला आणि भलत्याच वाटेने दिल्लीला पोचला. मुहम्मद तुघलकाने त्याला काजी केलं. पुढे चीनला वकील म्हणून पाठवलं, त्या वाटेवर तो दौलताबादला आला. आपल्या देवगिरीला! तिथली द्राक्षं आणि डाळिंबं त्याने वाखाणलीत. गाणाऱ्या-बजावणाऱ्या बायकांचा स्वतंत्र बाजार होता तिथे, त्याचं वर्णन केलंय, कुठे पडदे, कुठे झोपाळा, सगळं. किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजराहून मोठे उंदीर होते, कैद्यावर चालून येत, हेही सांगितलंय.

"ते आपल्या कॉमन पॅसेजमध्ये आहेत," वहिनी म्हणाल्या.

"आणि नंदुरबार!" नाना थांबेनात. "नंदुरबारचे मराठे. हुशार कारागीर, वैद्य, ज्योतिषी. भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी अंग धुतात. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा माणूस येऊन आपल्या ताटात काय आहे ते बघून गेला. आणि तुम्ही तिकडे जाऊन काय बघितलंत?"

"ताजीन," वहिनी म्हणाल्या. "तेही ताटातलंच."

नानांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "गंमत पुढेच आहे. सगळी दुनिया हिंडून हा परत गेला. फेजचा सुलतान होता अबू इनान. तुम्ही तो बू इनानिया मदरसा बघितलात ना, लाकडावरच्या कोरीव कामाचे फोटो दाखवत होतात सगळ्यांना? तो त्याच सुलतानाचा. त्याने हुकूम सोडला, बस आणि सांग. ह्याने सांगितलं, आणि इब्न जुझय्य नावाच्या माणसाने लिहून घेतलं. १३५५च्या सुमारास पुस्तक झालं. जवळ टिपण नाही, वही नाही. तीस वर्षांचं सगळं आठवून. म्हणजे काय? गप्पा! आणि तिखटमीठही भरपूर लावलंय, काही ठिकाणी तर न जाता सांगितलंय, असं विद्वानांचं मत आहे."

मी वहिनींकडे बघितलं. परवापर्यंत पार्ल्याच्या बाईची पर्स गाढवाने नुसती हुंगली होती. आज चाटली. आठवड्याभरात खाईल.

वहिनींनी मग चहा केला. त्यांचा तो मोरोक्कन. हिरवी चहापत्ती, मूठभर पुदिना आणि साखर अशी की नानांच्या डॉक्टरला कळलं तर तो चाळीत येऊन जाब विचारेल. तिथे म्हणे किटली हातभर उंच धरून ओततात, फेस यायला हवा. वहिनींनी धरली उंच. निम्मा चहा ग्लासात, निम्मा कठड्यावरून खाली. तळमजल्यावरून जे शब्द वर आले ते मोरोक्कन नव्हते. तरी चहा चांगला होता. ताजीनबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ते मातीचं टोपीवालं भांडं त्यांनी विमानात मांडीवर घेऊन आणलं आणि त्यात वालाचं बिरडं लावलं. सकाळी नऊला लावलेलं बिरडं आम्ही चारला खाल्लं. छान झालं होतं, पण सात तास गॅस जाळून माझ्या कढईतलंही होईल.

मग विषय आला वॉकवाल्यांचा. रविवारी सकाळी येतात ना, तो घोळका. डोक्याला टोप्या, हातात बाटल्या, पुढे एक तरतरीत पोरगी छोटा माईक लावून. केशवजी नाईकांच्या चाळी, खोताची वाडी, ऑपेरा हाउस, शेवटी चौपाटीवर टिळकांचा पुतळा. पोरगी हुशार आहे, मला आवडते. पण तिच्या माणसांचं काय?

"आमच्या ह्यांच्या बनियनचा फोटो काढला हो एकाने!" वहिनी फणकारल्या. "दोरीवर वाळत होता. 'सो ऑथेंटिक' म्हणाला."

"तुम्ही नाही काढलेत फेजमध्ये कुणाच्या गच्चीवरचे कपडे?"

"छे!"

मी मोबाईल मागितला. बोटाने सरकवत गेले. हौद, गाढव, पुदिना, पार्ल्याची बाई, आणि मग निळ्या भिंतीपुढे दोरी, दोरीवर दोन पायजमे आणि एक परकर. बरोब्बर मध्यावर घेतलेला, उन्हाची तिरीप धरून.

"तो भिंतीचा आहे," वहिनी म्हणाल्या.

नाना ह्या वॉकवाल्यांच्या मागे एकदा हातात दुधाची पिशवी घेऊन चौपाटीपर्यंत गेले होते. काकू चहाचं आधण ठेवून वाट बघत बसलेल्या. झालं असं, की केशवजी नाईकांच्या चाळीपाशी घोळक्यातला एकजण दुसऱ्याला सांगत होता की टिळकांनी इथे गणपती बसवला. नानांच्याने राहवलं नाही. "टिळकांनी नाही, इथल्या लोकांनी बसवला. टिळकांचं ऐकून बसवला, १८९३ साली. टिळक इथे आले १९०१ला. मूर्ती अजून तेवढीच लहान, मातीची, आणि विसर्जनाला पालखीतून जाते. डीजे नाही, रोषणाईचा बाजार नाही. हा खरा गणपती."

हे 'खरा गणपती' मला उद्देशून असतं. माझं माहेर लालबागचं. मीही सोडत नाही. "नाना, आमचा राजा १९३४चा. पेरू चाळीचा बाजार ३२ साली बंद पडला, कोळणी आणि दुकानदार उघड्यावर आले, त्यांनी नवस केला, जागा मिळाली, गणपती बसला. तुमचा सभ्य लोकांचा, आमचा पोटाचा." यावर नाना दरवर्षी गप्प बसतात आणि दरवर्षी पुन्हा काढतात.

लालबाग-परळला ह्या वॉकवाल्यांनी यावं खरं तर. पण दाखवणार काय? गिरणीचा भोंगा दाखवता येत नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, आणि आता गिरण्यांच्या जागी मान मोडेपर्यंत वर बघायला लागेल असे टॉवर. भारतमाता टॉकीजपाशी उभं राहून मी माझ्या नातवाला सांगते, इथून आजोबा पाळी सुटल्यावर यायचे. त्याला दिसतो तो सिग्नल.

"तेच तर," नाना म्हणाले. "आपलं सगळं असंच आहे. त्या पोरीने त्यांना मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरसमोर उभं केलं. म्हणाली, इथे १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' लागला, देशातला पहिला बोलपट. सगळे माना वर करून बघतायत, तर वर ब्लाउजपीसच्या पाट्या. मग मी सांगितलं. चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना काळ्या बाजारात गेलं, गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले. त्याआधी १९१३ला कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र'. तेही आपल्या गिरगावातच. फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं तेही गिरगावात येशू ख्रिस्ताचा सिनेमा बघून. यातली एक वीट उरली नाही. पण मी सांगत होतो तोवर एकाने मोबाईल काढला नाही!"

"कारण काढायला काही नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

वहिनींचं मत साधं आहे, आणि मला ते बरंचसं पटतं. फेजच्या त्या जुन्या घरांतून, मधे चौक आणि बाहेरून नुसती भिंत अशा घरांतून, पैसेवाली कुटुंबं केव्हाच नव्या शहरात राहायला गेली. कितीतरी घरं परदेशी लोकांनी घेतली, रंगरंगोटी केली, कारंजी चालू केली, हॉटेलं काढली. वहिनी अशाच एका घरात दोन रात्री राहिल्या. "काय फरशी, काय लाकूडकाम! आणि संडास खोलीतच, अहो, खोलीतच!" तिथल्या माणसाला विचारलं, पूर्वी कोण राहायचं. तो म्हणाला, आठ कुटुंबं. संडास किती? तो हसला.

"म्हणजे आठ कुटुंबं निघाली तेव्हा ते बघण्यासारखं झालं," वहिनी म्हणाल्या. "आपलंही तसंच होणार. खोताच्या वाडीचं बघा ना."

खोताची वाडी आमच्या इथून चालत पाच मिनिटं. दादोबा वामन खोत, पाठारे प्रभू, त्यांच्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घेतले आणि घरं बांधली. बाहेरून लाकडी जिना, पुढे पडवी, रंगीत खिडक्या. साठ-पासष्ट घरं होती, आता निम्मीही उरली नाहीत. एका घरात चित्रांची गॅलरी झालीय. अनंताश्रम गेलं, त्याच्या कालवणाच्या नावाने जुने लोक अजून सुस्कारे टाकतात. आयडियलचे वेफर्स तेवढे आहेत, तळणीचा वास वाडीच्या तोंडाशीच लागतो, आणि वॉकवाले इतिहास ऐकता ऐकता पिशव्या घेऊन बाहेर पडतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. वेफर्स उत्तम असतात.

नाना मात्र तापले. "चाळ गेली की गॅलरी गेली. गॅलरी गेली की हे सांगणार कोण आणि कोणाला? टॉवरमध्ये दार लावून बसणार तुम्ही. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले, पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्यांत, वीस वर्षांहून जास्त. चाळीत राहून केवढं काम केलं त्यांनी!"

"आणि मग दादरला हिंदू कॉलनीत राजगृह बांधून गेलेच ना?" वहिनींनी तिथल्या तिथे धरलं. "पुस्तकांना जागा पुरेना म्हणून. त्यांना पुस्तकांसाठी जागा हवी, मला गुडघ्यांसाठी हवी. रात्री दोन वाजता पॅसेजच्या टोकाला जाऊन बघा एकदा, उंदीर ओलांडत. तुम्ही गॅलरीत बसून सांगता, नाना. पाणी काकू भरतात."

नाना काही बोलले नाहीत. आतून काकूंनीही काही म्हटलं नाही, पण भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. नाना स्टूल उचलून गेले.

ते गेल्यावर वहिनी खांबाला टेकून अगदी जवळ आल्या. कोरफड आडवी झाली तरी त्यांना भान नाही.

"एक सांगते, कुणाला बोलू नका. बिल्डरचा माणूस आला होता ना, संमतीच्या सह्या घ्यायला? एकावन्न टक्के झाले की पुढे सरकणार म्हणे."

"माहीत आहे. शनिवारी मीटिंग आहे."

"मीटिंग राहू द्या. यादी बघितली मी. पहिली सही कुणाची असेल? नानांची!"

"काय सांगता!"

"देवाशप्पथ. तारखेसकट. आणि वर कंसात लिहिलंय, पश्चिमेची गॅलरी मिळावी."

मी मेथी झटकून उठले. त्यांना वाटलं मला धक्का बसला. मला फक्त आत जाऊन ह्यांना विचारायचं होतं, यादी इतक्या उघड्यावर कशी ठेवली म्हणून. कारण दुसरी सही आमच्या ह्यांची आहे.